सव्वाअकराचा चहा

‘‘पानं किती?’’ केटररकाकांनी विचारलं आणि अकरा सॉफ्टवेअर इंजिनिअर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

तोवर बैठक झकास चालली होती. आमच्या डेव्हलपर कॉन्फरन्सचं (घरचे त्याला ‘तुमचं ते गॅदरिंग’ म्हणतात) बोधचिन्ह ठरलं होतं. टी-शर्टाचा रंग ठरून पुन्हा बदलला होता. वेबसाइट कोणत्या भाषेत लिहायची यावर पाऊण तास भांडण होऊन तिघांनी ती तीन भाषांत लिहायला घेतली होती. जेवणाचा विषय यादीत शेवटचा. काकांनी वही उघडली, वर तारीख घातली आणि पेन टेकवून तो दोन शब्दांचा प्रश्न टाकला.

‘‘नोंदणी चारशेची आहे, काका,’’ कोषाध्यक्ष म्हणाला, ‘‘पण रविवार आहे, त्यात पाऊस. तीस टक्के गळती धरली तर...’’

‘‘तीस कशाला? पैसे घेतलेत आपण. फुकट असतं तर निम्मे आले नसते.’’

‘‘स्वयंसेवक धरलेत का यात? आणि वक्ते?’’

एकाने लॅपटॉप उघडून मागच्या तीन वर्षांच्या आकड्यांवरून आलेख काढायला घेतला. काकांनी चहा संपवला, कप बाजूला सारला. ‘‘साडेतीनशे धरतो,’’ ते म्हणाले. ‘‘पन्नासांचा शिधा गाडीत वेगळा ठेवतो. पहिला चहा नऊला, दुसरा सव्वाअकराला, जेवण एकला. आणि सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर माझी पोरं पुऱ्यांना बसतात.’’ एवढं बोलून ते गेले. आलेख दहा मिनिटांनी पूर्ण झाला. उत्तर आलं दोनशे शहाण्णव.

त्या रात्री आमच्या दिवसभराच्या कार्यक्रमपत्रिकेत एकच नोंद पक्की होती: ११.१५, चहा. पुढचे चार महिने आम्ही जे काही नियोजन केलं, ते या चहाला धक्का न लावता.

आमच्या धंद्यात तारीख पुढे ढकलण्याची कुणाला लाज वाटत नाही. दिवाळीला येणारं सॉफ्टवेअर संक्रांतीला येतं आणि त्यातलंही अर्धं ‘पुढच्या आवृत्तीत’ असतं. हॉलचं तसं नाही. आमचा हॉल कॉलेजचा होता आणि सोमवारी सकाळी तिथे परीक्षेची बाकं लागणार होती. ज्या माणसांनी उभ्या आयुष्यात एकही काम ठरल्या दिवशी संपवलेलं नाही, त्यांच्यावर हा प्रसंग. बरं, अज्ञान म्हणावं तर तेही नाही. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते आणखी लांबतं, हे फ्रेड ब्रूक्सने १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये सांगून ठेवलंय. हे पुस्तक वाचल्याचं समितीतल्या अकराही जणांनी शपथेवर सांगितलं. तिसऱ्या बैठकीत काम मागे पडलेलं दिसताच आम्ही सात नवे स्वयंसेवक घेतले. पुढच्या दोन बैठका त्यांना आधीच्या तीन बैठकांत काय झालं ते सांगण्यात गेल्या.

मग प्रस्ताव मागवले. कोणाला काय बोलायचंय ते त्याने लिहून पाठवावं, आम्ही निवडू. मुदत सहा आठवडे. पहिल्या पाच आठवड्यांत नऊ प्रस्ताव आले, त्यातले पाच समितीतल्यांचेच. शेवटच्या रात्री त्र्याऐंशी आले, बरेचसे साडेअकरा ते बारा या अर्ध्या तासात. बाराला दार लावल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. त्यांचं म्हणणं असं, की मुदत संपायची ती पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथे मध्यरात्र होते, तिथल्या घड्याळाने. आता गंमत अशी, की ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ नावाचा हा नियम शोधनिबंध मागवणाऱ्या परिषदांमध्ये खरोखरच पाळतात. त्या हिशेबाने मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे गृहस्थ नियमात बसत होते. राहायला वारज्याला.

प्रस्ताव नाव झाकून वाचायचे, असं ठरलं होतं. ओळखीपाळखीला वाव नको म्हणून. पण झाकलेलं नाव पहिल्या परिच्छेदातच बोलायला लागतं. ‘इकोसिस्टीम’ हा शब्द पाच वेळा आला की तो कोण, हे सगळ्यांना ठाऊक. ‘या विषयावर मी चौदा देशांत बोललो आहे’ असं लिहिणाऱ्याने तर नाव झाकून आमच्यावर उपकारच केले. साठ प्रस्तावांच्या शीर्षकात एआय होतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी ते पहिल्या ओळीत घातलं होतं, प्रसादावर तुळशीपत्र ठेवतात तसं. काही प्रस्ताव म्हणजे कंपनीची सरळसरळ जाहिरात होती. एकात तपशिलाच्या रकान्यात ‘नंतर कळवतो’ एवढंच होतं आणि त्याला दोन परीक्षकांनी पाचपैकी चार गुण दिले होते. मोकळेपणा आवडला म्हणून.

आणि एक होता तीन ओळींचा. ‘क्षि हे एक अक्षर आहे. संगणकाला विचारलं तर तो चार सांगतो. का सांगतो आणि त्यामुळे काय काय मोडतं, ते दाखवेन.’ बस. बोलणारी नवी, सोलापूरची. मुद्दा शंभर नंबरी खरा आहे. युनिकोडमध्ये क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार तुकडे मिळून तो ‘क्षि’ होतो. बहुतेक भाषांत लिहिलेला प्रोग्राम त्याची लांबी मोजतो तेव्हा तुकडे मोजतो, अक्षरं नाही. मग ‘नावात जास्तीत जास्त दहा अक्षरं’ असं म्हणणाऱ्या फॉर्ममध्ये ज्याच्या नावात दोन जोडाक्षरं, त्याचं नाव मधेच कापलं जातं आणि पावतीवर पाय मोडलेला माणूस छापून येतो. आपल्याकडे रोज घडणारी गोष्ट. आम्ही त्याला पाचपैकी तीन गुण दिले आणि प्रतीक्षायादीत टाकला. एक परीक्षक म्हणाला, ‘‘विषय फार लोकल आहे.’’ बैठक मराठीत चालली होती.

निवड झाली. आता वेळापत्रक. हॉल तीन. पहिल्यात एसी, पण माइक खरखरतो. दुसऱ्याचा प्रोजेक्टर म्हातारा, त्यावर पांढरं ते सगळं पिवळं दिसतं. तिसऱ्याच्या मधोमध खांब, त्यामुळे डावीकडच्यांना स्लाइड दिसते आणि उजवीकडच्यांना वक्ता. वक्त्यांच्या अटी वेगळ्या. एकाला दुपारची बस गाठायची. एकाला सकाळी जाग येत नाही. दोघांचा विषय एकच, म्हणून ते एका वेळी नकोत, आणि एकापाठोपाठ एक तर नकोतच, कारण दुसरा पहिल्याचं खोडून काढणार. जेवणानंतरचा तास कोणालाच नको. पुण्यात दुपारी एक ते चार कोणी कोणाचं ऐकू नये हा संकेत आहे, कॉन्फरन्सने तो मोडायचा म्हणजे जबाबदारीचं काम.

समितीतला आमचा सर्वांत हुशार मुलगा म्हणाला, वेळापत्रक लावणं हा संगणकशास्त्रातला मुलखाचा अवघड प्रश्न आहे, सत्तरच्या दशकातच ते सिद्ध झालंय, मोठ्या वेळापत्रकासाठी हमखास आणि झटपट उत्तर देणारी रीत अजून कोणाला सापडलेली नाही. मग त्याने प्रोग्राम लिहिला. सगळ्या अटी त्यात घातल्या. रात्रभर त्याच्या लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. सकाळी उत्तर आलं: चहा साडेदहाला घेतला तर जमतं.

काकांना फोन करायची हिंमत कोणाची होईना.

शेवटी कोषाध्यक्षाच्या बायकोने कागद मागवला. ती शाळेत शिकवते आणि दर जूनमध्ये बावीस तुकड्यांचं वेळापत्रक लावते. पेन्सिल, पट्टी, खोडरबर. ‘‘हा कोण, फार बोलतो का?’’ एवढा एकच प्रश्न ती प्रत्येक वक्त्याबद्दल विचारत होती. जो फार बोलतो त्याला तिने चहाच्या नाहीतर जेवणाच्या आधी टाकलं. चाळीस मिनिटांत कागद भरला. चहा सव्वाअकरालाच. फक्त तिसऱ्या हॉलमध्ये जेवणानंतर दोन ते पावणेतीन रिकामं राहिलं होतं. प्रतीक्षायादीत शोधाशोध झाली आणि ‘क्षि’ तिथे जाऊन बसला.

टॉकचं एक बरं असतं. लोक बसतात, ऐकतात, झोपतात, उठतात. वर्कशॉपमध्ये प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं आणि खरी परीक्षा तिथे होते. आमचं वर्कशॉप तीन तासांचं, साठ जागांचं. ‘कृपया घरूनच सगळं इन्स्टॉल करून या’ अशी ई-मेल आम्ही तीनदा पाठवली. साठातले चार जण करून आले. त्यांतल्या एकाने दुसऱ्याच वर्कशॉपचं करून आणलं होतं.

आता हिशेब बघा. उतरवून घ्यायची फाइल दोन जीबीची. सत्तावन्न जणांनी एकदम मागितली की झाले एकशे चौदा जीबी, कॉलेजच्या वायफायवर, रविवारी सकाळी. त्यातून जुनं वायफाय ज्या लहरींवर चालतं, तिथे एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाटा तीनच: एक, सहा आणि अकरा क्रमांकाच्या. बाकीच्या सगळ्या एकमेकींत घुसलेल्या, बुधवारातल्या बोळांसारख्या. शिवाय जोडल्या गेलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एकेक पत्ता देतो. साध्या मांडणीत असे पत्ते जेमतेम अडीचशे, नेमके सांगायचे तर दोनशे चौपन्न. माणसं साडेतीनशे, प्रत्येकाकडे एक लॅपटॉप आणि एक फोन. काकांच्या भाषेत सांगायचं तर सातशे पाहुणे आणि पानं अडीचशे. शिधा गाडीत वेगळा ठेवण्याची अक्कल आमच्यातल्या कोणाला नव्हती.

मी अशा वेळी डग्लस एंगेलबार्टचं स्मरण करतो. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉन्फरन्समध्ये या माणसाने नव्वद मिनिटं डेमो दिला. माउस, पडद्यावर शब्द खालीवर करणं, दुव्यावर टिचकी मारून दुसरीकडे जाणं, दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर आणून त्याच्याशी बोलणं, सगळं लोकांनी पहिल्यांदा तिथे पाहिलं. आणि ते चाललं! तेव्हापासून जगातला प्रत्येक वक्ता ‘आता मी हे लाइव्ह करून दाखवतो’ म्हणतो. एंगेलबार्टचा संगणक तिथून पन्नासेक किलोमीटरवर मेन्लो पार्कला होता, आणि मधला दुवा जोडायला त्याच्या माणसांनी खास मायक्रोवेव्हच्या तबकड्या उभारल्या होत्या, एवढं मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. आमच्या वक्त्याकडे होता कॉलेजच्या वायफायचा पासवर्ड, आणि त्यातलं शेवटचं अक्षर शून्य की ओ हे मामांनाच माहीत होतं.

मामा म्हणजे कॉलेजचे शिपाई. अशा कॉन्फरन्सचे खरे मुख्य वक्ते. किल्ली त्यांच्याकडे. कोणता सॉकेट चालू आणि कोणता नुसता भिंतीची शोभा, हे त्यांना तोंडपाठ. वर्कशॉपच्या खोलीत सॉकेट चार. ‘‘त्यातले दोन चालतात,’’ मामा म्हणाले, ‘‘पण एकावर भार टाकू नका. फ्यूज उडाला तर वायरमन सोमवारी येतो.’’

म्हणून आम्ही घराघरांतून एक्स्टेंशन बोर्ड गोळा केले होते. चौदा. स्पॉन्सरकडून पाण्याच्या बाटल्या मिळतात, स्टिकर मिळतात, डोळे दिपवणारे फलक मिळतात, पण बोर्ड कोणी देत नाही, कारण त्यावर कंपनीचं नाव छापायला जागा नसते. मी आमच्या स्वयंपाकघरातला आणला होता. पांढरा, चार खुंट्यांचा, एक खुंटी जळून काळी झालेली. आईने त्यावर लाल नेलपॉलिशने ‘मिक्सर’ असं लिहून ठेवलंय. एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी माळ खोलीभर फिरली आणि साठ लॅपटॉप कसेबसे जगले. फाइलचं काम आठ पेनड्राइव्हनी केलं. तीर्थाची पळी फिरते तसे ते रांगेरांगेने फिरले. पहिला तास यात गेला. दुसरा तास ‘माझ्याकडे चालत नाही’ या तक्रारीत, आणि वक्त्याच्या ‘माझ्याकडे तर चालतंय’ या उत्तरात. तिसऱ्या तासात जे काही शिकवलं ते फार चांगलं होतं असं म्हणतात. मी तेव्हा फ्यूजपाशी मामांबरोबर उभा होतो.

मुख्य हॉलमध्ये सकाळचं बीजभाषण चाललं होतं. वक्ते मोठे, बोलणं रंगलेलं. अकरा वाजता पहिल्या रांगेतल्या स्वयंसेविकेने ‘५ मिनिटं’ असा फलक दाखवला. वक्त्यांनी हसून मान डोलावली. पाच मिनिटांनी ‘वेळ संपली’ दाखवला. वक्त्यांनी तोही आशीर्वादासारखा स्वीकारला. अकरा बाराला पडद्यावर लिहून आलं: ४१ पैकी १९. मग सव्वाअकराला काकांच्या पोरांनी व्हरांड्यात कपांचे ट्रे मांडायला घेतले. आधी किणकिण आली. मागोमाग आल्याचा वास. मागची रांग उठली, मग मधली. वक्ते म्हणाले, ‘‘थोडक्यात सांगायचं तर’’, आणि खरंच थोडक्यात सांगितलं. फलकांनी, घंटेने, समितीच्या हातवाऱ्यांनी जे झालं नसतं, ते दोन पातेली चहाने केलं.

चहाचा हा महिमा परदेशातही ठाऊक आहे. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी वर्षभर खपून एक परिषद भरवली. संपल्यावर सगळ्यांनी सांगितलं, सर्वांत छान काय झालं असेल तर ते मधले कॉफीचे ब्रेक. स्वतः ओवेनही त्याच मताचे होते. त्यांनी यातून ‘ओपन स्पेस’ नावाची रीतच काढली, १९८५ साली. वक्ते आधी ठरवायचे नाहीत, विषय जमलेल्यांनीच भिंतीवर लिहायचे, आणि जिथे आपण ना काही शिकतोय ना काही देतोय असं वाटेल, तिथून आपल्या पायांनी उठून दुसरीकडे जायचं. शेवटचा नियम अमेरिकेत कागदावर लिहावा लागला. आपल्याकडे तो जन्मजात आहे, फक्त उठणारा माणूस फोन कानाला लावून उठतो.

प्रश्नोत्तरांबद्दल फार लिहीत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, म्हणजे या गावाला दुसऱ्याचं भाषण ऐकायची दीडशे वर्षांची सवय आहे, आणि ते संपल्यावर आपलं करायचीही. ‘‘माझा प्रश्न नाही, एक छोटासा मुद्दा मांडतो’’ असं म्हणून एका सभासदाने नऊ मिनिटं घेतली. त्याऐवजी लाइटनिंग टॉकला उभा राहिला असता तर पाचात आटपावं लागलं असतं. ही पाच मिनिटांच्या भाषणांची टूम पर्ल भाषेच्या मंडळींनी २००० सालच्या त्यांच्या परिषदेत काढली. आमच्याकडे ती संध्याकाळी असते आणि माझ्या मते सबंध दिवसातला तोच तास निर्भेळ असतो. वाईट भाषण पाचव्या मिनिटाला मरतं. चांगलं अर्धवट राहतं आणि लोक वक्त्याला जिन्यात गाठून उरलेलं ऐकतात.

आणि तिसरा हॉल. दोन वाजता मी खांबाच्या उजव्या बाजूला टेकून डोळे मिटायच्या बेतात होतो. सोलापूरची ती मुलगी उभी राहिली, म्हणाली, ‘‘जेवण जड झालंय, मला माहितेय. प्रत्येकाने आपापलं नाव मराठीत लिहून त्याची लांबी मोजा.’’ लॅपटॉप उघडले. पहिल्या रांगेतला एकजण ओरडला, ‘‘अरे, माझी अकरा!’’ त्याला स्वतःला पाच दिसत होती. मग हॉलभर आकड्यांचा लिलाव सुरू झाला. पावणेतीनला तिने थांबवलं, तरी कोणी उठेना. ‘विषय लोकल आहे’ म्हणणारा आमचा परीक्षक जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि आपल्या बायकोच्या नावाची लांबी मोजत होता. पुढच्या वर्षी पहिला हॉल तिला द्यायचा, एसीचा. हे मी माझ्या अधिकारात जाहीर करून टाकतो, समितीत नंतर भांडू.

संध्याकाळी काकांनी हिशेबाला वही काढली. पानं झाली तीनशे चव्वेचाळीस. आलेखवाला ते स्वतःच्या लॅपटॉपमध्ये टिपून घेत होता, पुढच्या वर्षी अंदाज सुधारावा म्हणून. मी त्याला म्हटलं, अरे, काकांचा फोन नंबर टिपून घे.

एक राहिलं. आणलेले बोर्ड चौदा, मोजून परत मिळाले तेरा. गेलाय तो माझा. पांढरा, चार खुंट्यांचा, एक खुंटी काळी, वर लाल नेलपॉलिशने ‘मिक्सर’. वर्कशॉपला आलेल्या साठांपैकी कोणाच्या बॅगेत चुकून गेला असेल तर कृपया कॉलेजच्या मामांकडे आणून द्यावा, कोणी काही विचारणार नाही. आमच्याकडे गेले तीन आठवडे चटणी बेडरूममध्ये वाटली जाते.